मालवण, वेंगुर्ले की हर्णै? कोकणातला बाजार निवडताना

दोन-तीन दिवसांची सुट्टी आहे. या वेळी नुसता किनारा नको, बाजार बघायचा, चार जिन्नस घ्यायचे आणि मासळीचं पोटभर जेवण जेवायचं, एवढ्यावर घरात एकमत झालंय. कुठला बाजार, यावर मात्र घोडं अडतं. किल्ल्यावरून ठरवायला जावं तर कोकणातल्या जुन्या बंदरांना किल्ल्यांची वाण नाही: मालवणला सिंधुदुर्ग, हर्णैला सुवर्णदुर्ग, रत्नागिरीला रत्नदुर्ग, अलिबागला कुलाबा. किनाऱ्यावरून ठरवायचं तर आणखीच पंचाईत. म्हणून कोणी मला विचारलं की मी आधी उलट विचारते, उतरणार तिथे चूल मिळणार आहे का?

स्वयंपाकघरासकट घर घेतलं असेल, किंवा होमस्टेच्या काकी "आणा मासे, करून देते" म्हणाल्या असतील, तर ओल्या मासळीचा बाजार तुमचा. तसं नसेल तर कितीही देखणी सुरमई समोर आली तरी तुम्ही प्रेक्षकच. मग मासे खानावळीत खावेत आणि बाजार असा निवडावा जिथून सुका माल घरी नेता येईल. खोली ठरवण्याच्या फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या: मासे साफ करून आणायचे का, वाटप (खोबऱ्याचं वाटण) त्या घालणार का, करणावळ किती, आणि त्या दिवशी घरात मासळी शिजते का. सोमवार, गुरुवार, संकष्टी पाळणारी घरं इथे भरपूर आहेत. पिशवीभर सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन दारात उभं राहिल्यावर "आज नाय हां" ऐकायला मिळालं तर चूक काकींची नाही.

खरी निवड तिघांत आहे: दापोली तालुक्यातलं हर्णै, मालवण आणि वेंगुर्ले. रत्नागिरी आणि अलिबाग ठरावीक महिन्यांपुरते चांगले, त्यांचं पुढे सांगते.

आधी घड्याळ आणि पंचांग

इथल्या मासळी बाजाराची वेळ होड्या कधी लागतात यावर ठरते. हर्णैला लिलाव सकाळी होतो आणि पुन्हा दुपार कलल्यावर होतो. संध्याकाळचा बघायला अधिक चांगला. मालवणला संध्याकाळी बंदरावर होड्या लागतात, तेव्हा तिथेच बोली लागते, आणि सकाळी मासळी बाजारात किरकोळ विक्री चालते. वेंगुर्ले सकाळचं गाव. दुपारी बारानंतर गेलात तर ओट्यावर पाणी मारलेलं दिसेल आणि कोपऱ्यात एखाद्या मावशी उरलेले बांगडे विकून टाकण्याच्या घाईत असतील. त्या बांगड्यांना नावं ठेवू नका, पण निवडीला वाव राहत नाही.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात जायला बंदी असते. त्या दोन महिन्यांत लिलाव बघायला हर्णै गाठणं म्हणजे निव्वळ पेट्रोल जाळणं. बंदी उठली तरी जुन्या पद्धतीने चालणारे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊनच होडी लोटतात. पुढे गणपतीत पुन्हा दर्यावरची वर्दळ ओसरते, कारण खलाशी आपापल्या घरी पोचलेले असतात. मासळीसाठी यायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी मंद असतं. त्यावर कोणतं जाळं चालेल हे ठरतं आणि जाळ्यावर कोणती मासळी येईल हे ठरतं. त्यामुळे "पापलेट मिळेलच ना?" असं आधी फोन करून विचारणाऱ्याला कोणी छातीठोक उत्तर देत नाही. दिलं, तर सांगणारा बहुधा हॉटेलवाला असतो.

कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, गणित जुनी माणसं याच पंचांगावर मांडतात: अमावास्येच्या भरलेल्या, पौर्णिमेच्या पोकळ. ऐकून घ्या, पण शेवटी हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड लागली तर ती घ्यावी, मग तिथी कुठलीही असो.

हर्णै: बघण्यात पहिलं, घेण्यात मागे

देखावा बघायचा असेल तर हर्णैला तोड नाही. समोर सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्ग आणि फत्तेगड, मधल्या पाण्यात रंगीबेरंगी होड्यांची दाटी. मोठ्या नौका आत उभ्या असतात आणि मासळी काठावर आणायला बैलगाड्या थेट पाण्यात उतरतात. चाकं निम्मी बुडालेली, बैल शांत, आणि गाडीवर टोपल्यांची उतरंड. हे दृश्य मालवणला नाही आणि वेंगुर्ल्यालाही नाही.

वाळूवर टोपली उपडी झाली की भोवती कोंडाळं जमतं, बोली चढते, आणि तुम्हाला काय झालं ते कळायच्या आत ढीग विकला गेलेला असतो. नवख्या माणसाचा इथेच घोळ होतो. कानावर पडणारा आकडा किलोचा नसतो, तो सबंध ढिगाचा किंवा टोपलीचा असतो. घेणारे व्यापारी असतात, त्यांच्या बर्फ भरलेल्या गाड्या मागे उभ्या असतात आणि त्यांना मुंबई-पुण्याच्या रस्त्याला लागायची घाई असते. चार जणांच्या कुटुंबाने त्या कोंडाळ्यात शिरून हात वर करू नये. लिलावातून माल उचलून बाजूला वाटे मांडून बसलेल्या कोळणी शोधाव्यात, घासाघीस त्यांच्याशी. त्याच भागात थोडे पैसे घेऊन मासे साफ करून, तुकडे पाडून देणाऱ्या बायकाही असतात. त्यांच्याकडे द्याच. सुरमईच्या तुकडीची जाडी त्या हाताने जशी साधते तशी आपल्याला साधत नाही.

हर्णैच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. पायाखाली ओली वाळू, माशांचं पाणी, दोरखंड. वयस्कर माणसांना चालणं अवघड आणि लहान मुलांवर सतत नजर ठेवावी लागते. सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणं हे वेगळंच प्रकरण. आणि मासळी वगळली तर बाजार म्हणून गावात थांबण्यासारखं फार नाही. कोकम, काजू, आंबापोळी ही खरेदी दापोलीत, साधारण पंधरा किलोमीटरवर. म्हणजे घरात कोणी मासे न खाणारं असेल तर त्याची संध्याकाळ नाक दाबण्यात जाणार. त्यांना आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला सोडून यावं, दोघांचंही भलं होतं.

फोटोबद्दल एक सांगायचं राहू नये. कोळणी काम करत असतात, त्या देखाव्यासाठी बसलेल्या नाहीत. आधी वाटा घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात, कधी पदर सारखा करून नीट बसतातही.

मालवण: जेवणासाठी या

मालवणचं बंदर आणि सिंधुदुर्ग यांना वेगळं काढता येत नाही. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, आणि आजही किल्ल्याच्या होड्या सुटतात तिथून हाकेच्या अंतरावर मासळी उतरते. सकाळी किल्ला, दुपारी जेवण, संध्याकाळी बंदर असा दिवस सहज जमतो. हर्णैशी तुलना केली तर लिलाव लहान, गर्दी कमी, आणि किरकोळ घेणाऱ्याला दाद अधिक मिळते.

पण मालवणात बघायचं ते रापण, असं माझं मत आहे. चिवला, दांडी, वायरीच्या किनाऱ्यावर होडीतून लांबलचक जाळं अर्धवर्तुळात टाकतात आणि काठावर दोन टोकांना माणसं उभी राहून ते ओढत आणतात. गाबीत समाजाची ही सामुदायिक मासेमारी, मिळकतीचे वाटे ठरलेले. तुम्ही दोराला हात लावलात तर मूठभर मासळी हातावर ठेवायची रीत आहे. मात्र रापण रोज आणि ठरल्या वेळी लागेल असं नाही. पहाटे किनाऱ्यावर चक्कर मारणं एवढंच आपल्या हातात. जाळ्यात कधी पेडवे नि तारली एवढंच येतं, कधी काहीच नाही. मोठ्या पर्ससीन जाळ्यांवरून, म्हणजे मासळीचा सबंध थवा घेरणाऱ्या जाळ्यांवरून, इथे वर्षानुवर्षं वाद आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा राहिली, तरी किनाऱ्यावर कोणाशीही बोलायला बसलात तर पाच मिनिटांत विषय तिथेच पोचतो. ऐकून घ्यावं. बाजारातला दर त्याशिवाय समजत नाही.

गावातल्या बाजारात फिरायचं तर सोमवार गाठा, त्या दिवशी आठवडा बाजार भरतो. सोमवार पाळणारे बरेच असल्याने मासळीला गिऱ्हाईक थोडं कमी असतं आणि दर नरम असण्याची शक्यता असते. उलट भाजी, कडधान्य, कुळीथ, उकडे तांदूळ, सुकी मासळी यांची त्या दिवशी चंगळ. आठवड्याच्या मधल्या दिवसांत फिरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे: मंगळवारी सावंतवाडीचा बाजार, बुधवारी कुडाळचा. तिन्ही गावं एकमेकांपासून जवळ आहेत. नोकरदारांना हे जमणार नाही, निवृत्तांनी जरूर करावं.

मालवणचा खाजा घ्यायचाच. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, त्यावर आलं घातलेल्या गुळाचा लेप. ताजा असेल तर दाताखाली खुसखुशीत फुटतो, जुना असेल तर दाताची परीक्षा घेतो, म्हणून एक कांडी खाऊन बघितल्याशिवाय किलोभर बांधून घेऊ नका. मसाला घ्यायचा तर मार्च ते मे. वर्षाचा मसाला घरोघरी त्याच दिवसांत भाजून कुटतात, आणि गिरणीवरून आलेल्या मसाल्याचा वास बंद पाकिटात मिळत नाही. धक्क्याजवळची सजवलेली दुकानं टाळून आत गेलात तर तीच वस्तू थोडी स्वस्त आणि बरीच साधी मिळते.

आता जेवण. चूल नसलेल्यांनी डोळे मिटून मालवण निवडावं, याचं कारण खानावळी. तळलेली तुकडी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, भाकरी, भात आणि सोलकढी. शिरल्यावर मेनूकार्ड मागू नका, "आज ताजा काय असा?" एवढं विचारा. थाळीचा दर माशावर ठरतो. सुरमई-पापलेटच्या हट्टापायी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा मुडदुशे किंवा सौंदाळे खाल्लेत तर स्थानिक माणूस काय जेवतो ते कळेल. लाँग वीकेंडला मात्र अपेक्षा थोडी खाली ठेवा. एवढी माणसं एकदम आल्यावर कुठल्या खानावळीत कुठला बर्फातला मासा ताटात येईल ते सांगता येत नाही. वाट बघत तासभर ताटकळून जेवलेलं, बेचव निघालेलं ताट मीही अनुभवलंय.

वेंगुर्ले: पिशवी भरायची तर इथे

या तिघांत वेंगुर्ल्याचं नाव सर्वात कमी घेतलं जातं, आणि बाजार म्हणून मला तेच सर्वात आवडतं. पक्षपात आहे, तो गृहीत धरूनच वाचा.

गाव जुन्या व्यापाराचं. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार थाटली, तिचे अवशेष अजून उभे आहेत. १८१२ मध्ये बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं आणि पुढे घाटावरच्या बेळगावच्या छावणीचा माल इथे उतरू लागला. त्या काळाची खूण म्हणजे भर गावातलं ब्रिटिशकालीन क्रॉफर्ड मार्केट. हो, नाव मुंबईचंच. बंदराचं वैभव गेलं, पण घाट आणि किनारा यांची गाठ सुटलेली नाही. आजही बाजारात बेळगावकडची भाजी येते आणि तिच्या शेजारी गावातल्या बायका परसातलं घेऊन बसतात. दोन्ही एकाच नजरेत बसतात, म्हणून थोडं बघायला शिकावं लागतं. मोठे ढीग, एकसारखा आकार, तराजू, ताडपत्री म्हणजे घाटावरून आलेलं. गोणपाटावर चारच तवशी (काकड्या), केळीच्या सोपटाने बांधलेल्या लाल माठाच्या जुड्या, वालीच्या शेंगांची एक मोळी, बाजूला दोन नारळ आणि एक नीरफणस असेल तर ते घरचं. दर बहुधा वाट्यावर किंवा जुडीवर. दोन रुपयांसाठी इथे हुज्जत घालू नये, हे सांगायला लागू नये.

ऋतूप्रमाणे हा गोणपाट बदलत जातो आणि यायचं कधी ते त्यावरून ठरवावं. पावसाच्या सुरुवातीला रानभाज्या आणि अळंबी. अळंबी पानात गुंडाळलेली, मोजकी, महाग, आणि सकाळी आठ-नऊपर्यंत संपलेली. थंडीत कणगी आणि करांदे हे कंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये तालुक्यातल्या आसोलीकडच्या सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे. त्याच्या वासाने बाजाराचा तेवढा भाग मासळीपासून वेगळा होतो. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर. एप्रिल-मेमध्ये रातांबे, करवंदं, जांभळं, फणस आणि आंबा. एकच वेळ निवडायची झाली तर मी एप्रिलचा पहिला पंधरवडा निवडेन. काजूगर अजून असतात, आंबा नुकताच सुरू झालेला असतो, आणि उकाड्याने जीव अजून नकोसा झालेला नसतो.

सुक्या काजूसाठी वेंगुर्ले हे नाव उगाच चालत नाही. १९५७ पासून इथे फळ संशोधन केंद्र आहे आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जाती तिथूनच बागांत गेल्या. निलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला रत्ना आंबा याच केंद्राचा, १९८१ चा. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे. घेताना प्रतवारी विचारा: २४०, ३२० हे आकडे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते सांगतात, म्हणजे आकडा लहान तेवढा गर मोठा आणि महाग. भाजीत, खिरीत घालायला तुकडा काजू पुरतो, त्याला आख्ख्याचे पैसे कशाला मोजा. सालीसकट भाजलेला काजू दिसला तर तो घ्या. मुंबई-पुण्याच्या दुकानांत तो क्वचित मिळतो, आणि पांढऱ्या गरापेक्षा चवीला सरस असतो. चार काजू तोडून बघा, मऊ वाकला तर दमट झालाय.

कोकमाचंही तसंच. आमसूल म्हणजे रातांब्याची साल त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली. चांगलं आमसूल काळसर जांभळं, लवचिक, मिठाने किंचित ओलसर असतं. कडकडीत कोरडं आणि फिकं असेल तर रसाच्या पुटांत कंजुषी झाली असं समजा. आगळ हवा की सरबत, ते मनाशी ठरवून जा: आगळात मीठ असतं आणि तो सोलकढीसाठी, सरबतात साखर असते आणि ते पाहुण्यांसाठी. या जिन्नसांना मालवणात रंगीत पाकिटं जास्त दिसतील, वेंगुर्ल्यात सुटा माल जास्त. सुटा माल चाखता येतो, हाच वेंगुर्ल्याचा फायदा.

ओली मासळीही इथे चांगली मिळते. नवाबाग आणि उभादांड्याचा किनारा जवळ, मासळी बाजार गावात, छपराखाली, ओट्यावर मांडलेला. आई-वडिलांना सोबत न्यायचं असेल तर हर्णैची वाळू आणि हा ओटा यांत मी विचारही करणार नाही. देखावा नाही, हे खरं. बैलगाड्या नाहीत, बोलीचा गलका नाही. मावशी विचारतील, "तुमी खंयचे?" आणि उत्तर ऐकून भाव सांगतील. खरं उत्तर द्या. गाडीचा नंबर त्यांनी तुमच्याआधी वाचलेला असतो.

ताजेपणा ओळखायची रीत तिन्हीकडे सारखीच. डोळे भरलेले आणि चकचकीत, कल्ले लाल, अंगावर बोट दाबलं तर खड्डा राहू नये. तिसऱ्या-शिवल्यांची तोंडं मिटलेली हवीत, किंवा टिचकी मारल्यावर मिटायला हवीत. एवढं बघून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला सहसा कोणी फसवायला जात नाही.

सुक्या मासळीचा वेगळा हिशोब

पावसाळ्याआधी घरात साठवण करायची ती आगोट, आणि तिच्यासाठी मे महिना. बोंबील, जवळा हवा असेल तर दक्षिणेकडे धावायचं कारण नाही, अलिबाग-रेवदंड्याकडचा बाजार त्यासाठी चांगला. सोडे हर्णै-दापोलीकडे बघा. खारा बांगडा, गोलमा, सुकी सुंगटं यांसाठी मालवण आणि वेंगुर्ले. सोडे भडक केशरी दिसले तर सोडून द्या, फिकट गुलाबी घ्या. जवळा मुठीत घेऊन हातावर पसरा, वाळू किती उरते ते बघा. खारा बांगडा ओलसर लागला तर मिठाचं वजन तुम्ही विकत घेताय. पावसाच्या तोंडावर दर चढतात, म्हणून मेच्या अखेरपर्यंत थांबू नका.

मासे न खाणाऱ्यांसाठी चतुर्थीचा आदला दिवस

एक बाजार असा आहे ज्यात मासळीचं नावही नसतं आणि तरी मी त्याला वर्षातला सर्वात देखणा बाजार म्हणेन. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी सिंधुदुर्गातल्या कुठल्याही बाजारपेठेत उभे राहा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, कुठे तिला माटवी म्हणतात, कुठे मंडपी. तिला बांधायला रानातलं जे जे लागतं ते सगळं त्या दिवशी रस्त्यावर येतं: लाल कवंडाळं, कांगणे, हरणं, शेरवडाची पांढरी पानं, तेरडा, आंब्याचे टाळ, सुपारीचे घोस, असोले नारळ, तवशी. यांतलं निम्मं बाजारात एरवी दिसतच नाही. डोंगरात कुठे काय पिकतं हे माहीत असलेल्या बायका-पुरुषांचं हे एका दिवसाचं दुकान. इथे हर्णै शर्यतीत नाही. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी यांतलं कुठलंही चालेल. फक्त रेल्वेचं तिकीट त्या आठवड्याचं मिळत नाही, चाकरमान्यांनी ते दोन महिने आधीच, बुकिंग उघडताच नेलेलं असतं, आणि हायवेवरून येणार असाल तर तासांचा हिशोब सोडून द्या. खोल्याही भरलेल्या नसतात असं नाही. गावात कोणी ओळखीचं असेल तरच हा बेत करावा.

रत्नागिरी आणि अलिबाग, थोडक्यात

रत्नागिरीचं मिरकरवाडा मोठं मासेमारी बंदर आहे, रत्नदुर्गाच्या पायथ्याशी. पण ते धंद्याचं बंदर. ट्रॉलर, बर्फ, डिझेल, क्रेट, ट्रक. मासेमारीचा आजचा कारभार समजून घ्यायचा असेल तर जरूर जा, सहज फिरायला नको. रत्नागिरी आंब्यासाठी, एप्रिल-मेमध्ये. आंबा बाजारपेठेत घेण्यापेक्षा बागायतदाराकडून घ्या आणि पेटी उघडून खालचा थर बघा. हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघरही त्यात आले, त्यामुळे "मानांकनाचा हापूस" म्हणजे रत्नागिरीचाच असं समजू नका. स्टेशन गावातच नसलं तरी जवळ आहे, ही रत्नागिरीची सोय.

अलिबाग मुंबईकरांना एका दिवसात होतं. गेटवेहून मांडव्याला बोट, पुढे बस. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो, तीही हवामान बघून. अलिबागला जायचं ते पांढऱ्या कांद्यासाठी. भात निघाल्यावर त्याच शेतात हा कांदा लावतात, फेब्रुवारीपासून तो निघतो, आणि पातीसकट वेणी घालून त्याच्या माळा करतात. २०२१ मध्ये त्यालाही मानांकन मिळालं. बाहेरचा पांढरा कांदाही माळ घालून याच नावाने खपतो, म्हणून मे संपल्यावर रस्त्याकडेला माळ दिसली तर जरा विचारपूस करा. लटकवून ठेवलेली माळ पावसाळाभर टिकते. जानेवारीत गेलात आणि कोणी पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला, बोलावलं तर बाजार राहू द्या, आधी पोपटी.

जाणं, राहणं, आणणं

मालवण आणि वेंगुर्ले, दोन्हींना कुडाळ स्टेशन सोयीचं. वेंगुर्ल्याला सावंतवाडी रोडही चालतं. हर्णैसाठी रेल्वेने खेडला उतरून दापोलीमार्गे यावं लागतं, त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर हर्णै मागे पडतं. उलट पुण्याहून गाडीने एकाच रात्रीच्या मुक्कामाला येणाऱ्यांना सिंधुदुर्ग लांब पडतं. त्यांनी हर्णैजवळच्या मुरुड किंवा कर्दे इथे राहून संध्याकाळी हर्णै करावं, आणि मासे तिथल्याच घरात शिजवून घ्यावेत.

दोन रात्री असतील तर मालवण की वेंगुर्ले असा वाद घालायची गरजच नाही. पहिली संध्याकाळ मालवणच्या बंदरावर आणि रात्रीचं जेवण तिथेच, दुसऱ्या दिवशी पहाटे रापण लागली तर बघायची, तिसऱ्या दिवशी लवकर उठून वेंगुर्ले. मधला रस्ता तास-दीड तासाचा. खरेदी शेवटच्या सकाळी केल्याने सामान घेऊन फिरायला लागत नाही. क्रम उलटा केलात तर आमसुलांची पिशवी दोन दिवस डिकीत तापत राहील.

ओली मासळी घरी न्यायची असेल तर थर्माकोलचा डबा आणि बर्फ बाजाराजवळच मिळतो. मासा साफ करून न्या, पण धुऊन नका नेऊ, धुणं घरी गेल्यावर. बर्फाचं पाणी डब्यातून गळतं आणि रेल्वेच्या डब्यात त्यावरून भांडणं होतात, म्हणून आत जाड प्लास्टिक घाला. एसटीत वाहक ओली मासळी बघून नाक मुरडतो, सुकी असेल तर नुसत्या वासावरून शोधून काढतो. सुक्या मासळीला हवाबंद डबाच लागतो. आणि मे महिन्यात आंब्याची पेटी आणि खारे बांगडे एकाच डिकीत ठेवायची वेळ आली, तर बांगडे पायाशी घ्या.